काचपेटीची किल्ली

‘तीनशेच्या आत आहात ना, मग निवांत राहा.’

२१ नोव्हेंबर २०२५ ला चार कामगार संहिता लागू झाल्या, आणि तेव्हापासून हे वाक्य मी बारामतीत निदान दहा जणांच्या तोंडून ऐकलंय. सल्लागार उद्योजकांना सांगतात, उद्योजक एकमेकांना सांगतात. परवा माझ्याच एका जुन्या सहकाऱ्यानं फोन करून मोठ्या आनंदानं सांगितलं. या वाक्याचा अर्थ असा, की नव्या औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे स्थायी आदेश, म्हणजे कारखान्यात आपण ज्याला स्टँडिंग ऑर्डर म्हणतो ते, तीनशे किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथंच सक्तीचे. महाराष्ट्रात तोवर ही मर्यादा पन्नासवर होती. आमच्या एमआयडीसीत पियाजिओसारखे मोठे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांच्या आजूबाजूची जी व्हेंडर युनिटं आणि वर्कशॉपं आहेत, ती बहुतेक सगळी तीनशेच्या आतली. त्यांना आता सल्ला मिळतोय : नियम लिहून घ्यायला वकिलाची फी कशाला भरता? भांडण झालं, केस लागली, की मग वकील गाठू.

हा सल्ला चुकीचा आहे. मालकाला तो खड्ड्यात घालणारा आहे आणि कामगाराची उमेदीची वर्षं खाणारा आहे, म्हणून हा लेख. मी वकील नाही. बारामतीजवळच्या कन्हेरीत राहतो आणि २६ वर्षं एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात होतो. हजेरी, ओटी, रजा, गेटपास सगळं माझ्या हातून जायचं. वकील वेळेवर बोलावला तर काय होतं आणि उशिरा बोलावला तर काय होतं, ही दोन्ही टोकं मी एकाच मस्टरवर पाहिली आहेत.

आधी माझ्या हातून काय घडायचं ते सांगतो. आमच्याकडे ‘ब्रेक’ द्यायची पद्धत होती. टेम्पररी पोराचे सात महिने भरत आले, की मी मस्टरवर त्याच्या नावापुढे लाल शाईनं रेघ ओढायचो आणि त्याला आठ दिवस घरी बसवायचो. नवव्या दिवशी तो त्याच मशिनवर, त्याच शिफ्टला, फक्त नव्या टोकन नंबरानं उभा. कशासाठी, तर २४० दिवस सलग भरले असं दिसू नये म्हणून. २४० दिवस भरले की कामगाराला हक्क लागतात, एवढं सगळ्यांना माहीत होतं. ते दिवस मोजायचे कसे, हे मात्र कुणी नीट वाचलेलं नव्हतं. आणि ही ब्रेकची युक्तीसुद्धा एका वकिलानंच सुचवलेली होती, हेही इथंच सांगून टाकतो. सगळे वकील शहाणे असतात असं माझं म्हणणं नाही.

मग एकदा, दुसऱ्याच कसल्या तरी कामासाठी, पुण्याहून एक वयस्कर वकील आले. ते थेट केबिनमध्ये गेले नाहीत. गेटजवळच्या भिंतीवर आमची स्टँडिंग ऑर्डरची काचपेटी होती, तिच्यापुढे उभे राहिले. आतले कागद इंग्रजीत टाइप केलेले, उन्हानं पिवळे पडलेले, आणि अर्ध्या काचेवर कुठल्याशा पतसंस्थेचं कॅलेंडर. ‘हे मराठीत कुठंय?’ त्यांनी मला विचारलं. १९४६ च्या कायद्यात स्पष्ट होतं, की बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत हे नियम दारापाशी लावले पाहिजेत. मराठी प्रत कपाटात कुठंतरी होती. पेटी उघडायला गेलो तर कुलूप गंजलेलं. मशिनचं तेल सोडून ते उघडलं.

नंतर त्यांनी मस्टर मागवलं. एका पोराच्या नावावर बोट ठेवलं, माझ्याच कानावरची पेन्सिल घेतली आणि ब्रेकच्या अलीकडचे न् पलीकडचे दिवस समासात मांडून बेरीज केली. बारा महिन्यांत २८४ दिवस. मालकांना म्हणाले, ‘कायदा मागच्या बारा महिन्यांतली प्रत्यक्ष काम केलेल्या दिवसांची बेरीज विचारतो. मधे आठ दिवस घरी बसवल्यानं बेरीज कमी होत नाही. उलट ही लाल रेघ म्हणजे तुमचा हेतू तुम्हीच लिहून ठेवलाय. ज्यांचं काम कायमचं आहे त्यांना टप्प्याटप्प्यानं कायम करा. ज्यांचं काम खरंच हंगामापुरतं आहे त्यांना तसं पत्र द्या. आणि ही रेघ आजपासून बंद करा.’

मालकांना ते पटलं नाही. पुन्हा त्या वकिलांना बोलावणं गेलं नाही आणि मी रेघा ओढत राहिलो. पुढं त्यातलाच एक जण, आमच्याच गावचा पोरगा, ब्रेकनंतर परत घेतला नाही म्हणून पुण्याला कोर्टात गेला. केस नऊ वर्षं चालली. मी साक्षीला उभा राहिलो तेव्हा समोरच्या वकिलानं माझ्याच अक्षरातलं मस्टर माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, बेरीज करा. मी केली. एकदा ऐकलेला आकडा मी कोर्टात मोठ्यानं वाचून दाखवला. पोराला कामावर परत घ्यावं लागलं, मागच्या पगाराचा काही हिस्साही द्यावा लागला. पण तोवर त्यानं वाट्याला आलेल्या दीड एकरातला एक तुकडा विकला होता. आणि कारखान्यानं तारखांवर, हेलपाट्यांवर जो पैसा घालवला, त्यात त्या सगळ्या पोरांचा कायमपणाचा फरक निघाला असता.

हा एका कारखान्याचा योगायोग असं कुणी म्हणेल, म्हणून दोन निकाल सांगतो. पुण्याजवळच्या पाचगाव-पर्वतीच्या वनीकरणावर वनखात्यानं माणसं वर्षानुवर्षं रोजंदारीवर ठेवली होती. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. १९९५ मध्ये कोर्टानं सांगितलं, की इतकी वर्षं माणसाला तात्पुरतंच ठेवलं असेल तर त्याला कायमपणाचे हक्क द्यायचे नाहीत हा हेतू त्यातूनच दिसतो, कामगारानं तो वेगळा सिद्ध करायची गरज नाही. महाराष्ट्राच्या १९७१ च्या ज्या कायद्याला आपण एमआरटीयू-पल्प म्हणतो, त्याच्या चौथ्या अनुसूचीतल्या सहाव्या कलमात हीच अनुचित प्रथा लिहिलेली आहे. दुसरा निकाल २००९ चा, एसटीच्या गाड्या धुणाऱ्या-झाडणाऱ्या माणसांचा. सरकारी नोकरीत मागल्या दारानं कायम करता येत नाही, हा उमादेवी खटल्याचा निकाल तेव्हा सगळीकडे दाखवला जायचा. सुप्रीम कोर्टानं म्हटलं, अनुचित प्रथा सिद्ध झाली असेल तर औद्योगिक न्यायालयाचा कायम करण्याचा अधिकार त्या निकालानं जात नाही. वनखातं काय, एसटी काय, दोघांनाही वकिलांची वाण नव्हती. पण वकील आले ते खटला लढवायला. हजेरीपट भरला जात होता तेव्हा ते कुठं होते?

‘संहिता आल्यात, आता जुनं कशाला उगाळता?’ हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. उगाळतो, कारण ती प्रथा नव्या औद्योगिक संबंध संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीतही तशीच्या तशी आहे. तीनशेच्या आत असलात म्हणून ती तुम्हाला माफ झालेली नाही. आणि या चार संहितांनी लहान मालकाला जेवढं मोकळं केलं त्याहून जास्त बांधलं आहे. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचं आहे, मग कामगार दहा असोत की सातशे. माणूस सोडून गेला किंवा काढला तर दोन कामाच्या दिवसांत त्याचा हिशेब चुकता करायचा आहे. वीस कामगार असले की तक्रार निवारण समिती, तीत मालकाचे आणि कामगारांचे प्रतिनिधी बरोबरीनं. मुदतीच्या करारावर नेमलेल्याला कायम माणसाइतकेच लाभ आणि एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी. काम खरोखर तात्पुरतं असेल त्याला ही सरळ वाट कायद्यानंच दिली आहे. ब्रेकची पळवाट ज्यांना अजून लागते, त्यांचं काम तात्पुरतं नाहीच. ही सगळी बंधनं डोक्यावर असताना उद्योजकाला ‘निवांत राहा’ म्हणणारा माणूस त्याचा हितचिंतक कसा?

पण माझं खरं म्हणणं याच्या पुढचं आहे. स्टँडिंग ऑर्डरची सक्ती गेली याचा मालकांना आनंद का व्हावा, हेच मला कळत नाही. स्टँडिंग ऑर्डर म्हणजे काय असतं? किती मिनिटं उशीर चालेल, रजा कुणाकडे मागायची, गैरवर्तन कशाला म्हणायचं, आरोप झाला तर चौकशी कशी होणार, निलंबनात किती पैसे मिळणार. हे लिहिलेलं नसतं तेव्हा काय होतं ते मुंबईच्या गिरण्यांनी दाखवून दिलं होतं. जॉबर म्हणेल तो नियम, आणि जॉबर बदलला की नियम बदलला. त्यातून उठणाऱ्या संपांनी सरकारला शहाणपण शिकवलं. १९३८ च्या मुंबईच्या कायद्यानं गिरण्यांना नियम लिहून मंजूर करून घ्यायला लावले. त्या कायद्यात संपाच्या हक्कावर जी बंधनं होती त्यांच्याविरुद्ध डॉ. आंबेडकर स्वतः रस्त्यावर उतरले, ७ नोव्हेंबर १९३८ चा संप त्याचाच. तेच आंबेडकर १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, आणि १९४६ च्या एप्रिलमध्ये स्टँडिंग ऑर्डरचा कायदा देशभरासाठी आला. बॅरिस्टर माणूस. संपाच्या हक्कासाठी लढला आणि नोकरीच्या अटी आधी कागदावर आणणाऱ्या कायद्याच्या वेळी मजूर खातंही त्याच्याकडेच होतं. कामगारासाठी वकिलानं काय करावं हे मला कुणी विचारलं तर मी ही दोन्ही कामं शेजारी शेजारी ठेवून दाखवतो.

आता ती सक्ती लहान कारखान्यावरून उठली. पण चौकशी न करता माणूस काढला तर कोर्ट विचारायचं ते विचारणारच. तुमच्याकडे काय नियम होता? त्याला तो माहीत होता का? आरोपपत्र दिलं का? त्याचं म्हणणं घेतलं का? पूर्वी या प्रश्नांची तयार उत्तरं स्टँडिंग ऑर्डरमध्ये असायची आणि मालक त्यांच्या आडोशाला उभा राहू शकायचा. आता आडोसा गेला आणि प्रश्न राहिले. अशा वेळी नियम आपणहून लिहून ठेवायला वकील लागतो. तीनशेच्या वरच्याला सरकार भाग पाडणार आहे. तीनशेच्या आतल्याला कुणी भाग पाडणार नाही, म्हणून त्याला वकिलाची गरज जास्त आहे.

यावर लगेच येतं, ‘साठ माणसांच्या युनिटला वकील परवडत नाही.’ मी टाइम ऑफिसातला माणूस आहे, हिशेबच करतो. नेमणूकपत्राचा एक नमुना, चार-पाच पानांचे मराठी नियम, आरोपपत्राचा नि चौकशीचा एक नमुना, आणि वर्षातून दोनदा मस्टर-पगारपत्रक बघून जाणं. याला वकिलाचे मोजके दिवस लागतात. एका चुकीच्या बडतर्फीला किती लागतं? २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगून ठेवलंय, की बेकायदा काढलेल्या माणसाला परत घेताना मागचा संपूर्ण पगार देणं हा सर्वसाधारण नियम आहे. कोर्टाला वेळ लागला म्हणून त्याची झळ नोकरी गेलेल्याला लागू नये, असंही. म्हणजे तारखा लांबवण्याचं जे शस्त्र आपलं वाटतं, त्याचं व्याज आपल्याच खात्यात चढतं.

‘वकील मधे आला की भांडण वाढतं’ ही तक्रार मात्र मी झटकून टाकणार नाही, तिच्यात तथ्य आहे. कायद्यालाही ते मान्य होतं. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या ३६ व्या कलमानं समेटाच्या बोलणीत वकिलाला बंदीच घातली, आणि लेबर कोर्टात उभं राहायचं तर समोरच्याची संमती आणि कोर्टाची परवानगी. नव्या संहितेतही तोच मामला. लैंगिक छळाच्या तक्रारीवर अंतर्गत समितीपुढे दोन्ही बाजूंना वकील नाही. कारखान्याच्या अंतर्गत चौकशीतही कामगाराला सहसा वकील मिळत नाही. मालकानं कायदा शिकलेला माणूस बसवला तर मात्र कामगारालाही द्यावा लागतो, हे मुंबई पोर्ट ट्रस्टच्या प्रकरणात १९८२ मध्ये ठरलं. आता मला सांगा, भांडण पेटल्यावरच्या इतक्या दारांवर ज्याला कायदा थांबवतो, त्याच्यासाठीच थांबून राहायचं हा कुठला हिशेब? त्याला मोकळी वाट आहे ती भांडणाच्या आधीच. नेमणूकपत्र लिहिताना, समिती बसवताना, चौकशी करणाऱ्याला शिकवताना त्याला कुणी अडवत नाही.

समितीवरून गोव्याची गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या टेक्स्टाइल पार्कात, डेअरीत, पॅकिंगच्या युनिटांत आता बायका मोठ्या संख्येनं कामाला जातात, माझी सूनही जाते, म्हणून ती मला जवळची वाटते. गोवा विद्यापीठात २००९ मध्ये मुलींनी एका प्राध्यापकाविरुद्ध लैंगिक छळाच्या तक्रारी केल्या. समितीनं इतक्या घाईनं सुनावण्या उरकल्या, की आरोप असलेल्याला आपली बाजू मांडायला पुरेसा वेळ मिळाला नाही. बडतर्फी झाली, हायकोर्टात टिकली, आणि मे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती रद्द करून चौकशी पुन्हा करायला सांगितली. चौदा वर्षं! तक्रार केली तेव्हा त्या मुली शिकत होत्या. समितीला कुणी जाणत्यानं आधी एक दिवस बसवून सांगितलं असतं, की तारीख मागितली तर द्या, कागद द्या, म्हणणं पुरतं ऐका, तर निकाल कुठलाही लागो, तो एकदाच लागला असता. त्या वेळी सुप्रीम कोर्टाच्या विशाखा निकालाचीच मार्गदर्शक तत्त्वं होती, आता २०१३ चा कायदा आहे आणि दहा किंवा त्याहून जास्त माणसं असली की समिती बंधनकारक आहे. भिंतीवर समितीच्या चार नावांची पाटी लावली की काम झालं असं समजणारे मला रोज भेटतात. त्या चौघांना चौकशी म्हणजे काय ते कुणी शिकवलंय, असं विचारलं की विषय बदलतात.

युनियनमधले माझे मित्र वेगळ्याच बाजूनं हल्ला करतात. म्हणतात, ‘मालकाच्या पैशानं येणारा वकील मालकाचंच बघणार, तू त्याची वकिली का करतोस?’ त्यांना मी दोन गोष्टी सांगतो. एक, वकील मालकाचंच बघणार हे खरं, आणि म्हणून युनियन लागते. कामगाराची संघटना, त्याचा स्वतःचा सल्लागार आणि दबाव यांची जागा मालकाचा वकील घेऊ शकत नाही. आमच्या माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती या कारखान्यांत साखर कामगारांचे पगार राज्यपातळीवरच्या त्रिपक्षीय करारानं ठरतात, ते काही कुण्या वकिलानं दान दिलेले नाहीत. दुसरी गोष्ट, मालकाचं खरं हित बघणारा वकील आणि मालकाला हवं ते बोलणारा वकील, यांत कामगाराच्या बाजूनंही फार फरक पडतो. मस्टरवर पेन्सिल चालवणारे ते गृहस्थ मालकाचेच वकील होते. त्यांचं ऐकलं असतं तर आमच्या गावचा तो पोरगा शेत विकायच्या आधी कायम झाला असता.

कन्हेरीचा मारुती साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे, कारण बारामतीच्या निवडणुकांच्या प्रचाराचा नारळ तिथं फुटतो. एरवीच्या शनिवारी मी देवळापाशी बसलेला असतो आणि एमआयडीसीत कामाला जाणारी पोरं आपापले कागद घेऊन येतात. टाइम ऑफिसवाले काका म्हणून. गेल्या महिन्यात एकजण आला. नव्या नोकरीचा संच होता. पीएफचा फॉर्म, बँकेचा फॉर्म, ठेकेदाराचं एक कार्ड. नेमणूकपत्र नव्हतं. सगळ्यात खाली एक कागद, ‘मी माझ्या वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे’, खाली सहीची जागा, तारखेची जागा कोरी. कामावर रुजू व्हायच्या दिवशी घेतलेला राजीनामा. सही करून उद्या आणून दे म्हणून सांगितलेलं.

ज्यानं हा कागद छापला त्याला वाटत असणार, आपण वाद मिटवून ठेवला. आता तो पोरगा कधी बोलणार नाही. बोलला की तारीख घालू. पण वीस-बावीस वर्षांच्या मुलाला पहिल्या दिवशीच कळलं, की इथं आपला शब्द मोजला जाणार नाही. असा मुलगा मशिनचा गार्ड तुटला तर सुपरवायझरला सांगत नाही, ओटीत घोळ झाला तर विचारत नाही, मनात ठेवतो. एक दिवस चाळीस जणांच्या मनातलं एकदम गेटवर येतं आणि मालक म्हणतात, काल तर सगळं ठीक होतं. गेट बंद झालेल्या सकाळी मी आतल्या बाजूला उभा राहिलेलो आहे. त्या दिवशी मालकांच्या हातात सगळे पक्के कागद होते आणि बोलायला समोर एकही माणूस नव्हता.

त्या पोराला मी सही करू नको म्हणालो. तो म्हणाला, ‘काका, मग नोकरी?’ त्याच्या घरचं मला माहीत आहे, तेव्हा मी पुढं काही बोललो नाही. पण हा कागद वकिलाच्या टेबलावरून एकदा जरी गेला असता, तर छापला गेला नसता. कोर्टात हजेरीपट पुढं आला की त्याच दिवशीच्या शाईचा राजीनामा उघडा पडतो, हे कुठल्याही लेबरच्या वकिलाला ठाऊक असतं.

म्हणून तीनशेच्या आतल्या माझ्या उद्योजक मित्रांना सांगायचंय, सरकारनं तुमच्यावरचं बंधन काढलं असेल, तरी नियम लिहायला तुम्हाला कुणी मनाई केलेली नाही. एक चांगला वकील बोलवा, त्याला आधी गेटवर उभं करा, मग मस्टर दाखवा, आणि तो ‘हे बंद करा’ म्हणाला तर त्याला पुन्हा बोलवा. नियम मराठीत लिहून घ्या. ते लिहिताना मशिनवरच्या दोन माणसांना शेजारी बसवा.

मी निवृत्त झालो त्या दिवशी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि एकेक किल्ली नव्या मुलाला समजावून दिली. कपाटाची, टोकनच्या पेटीची, गेटच्या खोलीची. एक बारीक किल्ली राहिली. ही कशाची, त्यानं विचारलं. मी त्याला गेटपर्यंत घेऊन गेलो आणि भिंतीवरची काचपेटी दाखवली. त्या २६ वर्षांत ती एकदाच उघडली होती.